टेस्टमध्ये ‘क्लीन’, पावसात गळती: टेरेसच्या मेंब्रेनची इलेक्ट्रॉनिक टेस्ट कुठे चुकते

दर ऑक्टोबरात मला एकाच साच्याचे फोन येतात. टेरेसला मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी शीट, टाकून दोन वर्षं झालीत, मे महिन्यात मशीन लावून टेस्टही करून घेतली, रिपोर्टात एकही भोक नाही, आणि जुलैत वरच्या मजल्यावर पुन्हा ओल. मग सोसायटीत दोन तट पडतात. एक म्हणतो मेंब्रेनवाल्याने फसवलं, दुसरा म्हणतो टेस्टवाल्याने. मी जाऊन बघतो तेव्हा बऱ्याच वेळा मेंब्रेनला भोक असतं, मशीनही धडधाकट असतं, फक्त टेस्टच्या दिवशी वीज फिरायला रस्ता पूर्ण नव्हता.

या एका गोष्टीवर सगळं अडतं, म्हणून आधी टेस्ट कशी चालते ते थोडक्यात सांगतो. मेंब्रेन वीज वाहू देत नाही. खालचा काँक्रीटचा स्लॅब, त्यातल्या ओलाव्यामुळे आणि सळ्यांमुळे, वाहू देतो. कमी व्होल्टेजच्या टेस्टमध्ये मेंब्रेनवर पाणी शिंपडून एक सलग ओला थर करतात. कडेने उघड्या तारेचं रिंगण टाकतात आणि त्याला मशीनचं एक टोक जोडतात. दुसरं टोक स्लॅबच्या सळईला. मशीन ठराविक अंतराने साधारण ४० व्होल्टचे झटके सोडतं. मेंब्रेन अखंड असेल तर वीज वरच्या वर राहते. कुठे भोक असेल तर पाणी त्यातून खाली उतरलेलं असतं, आणि त्याच पाण्यातून वीजही स्लॅबमध्ये उतरते. मग टेस्टवाला मीटरला जोडलेल्या दोन काठ्या टेकवत चालतो, मीटरचा काटा भोकाच्या दिशेला झुकतो, भोक ओलांडलं की उलटा फिरतो. नीट केलेल्या टेस्टमध्ये टाचणीएवढं छिद्रही नेमकं सापडतं. पाणी साठवून केलेल्या पाँडिंग टेस्टला हे जमत नाही. ती फक्त ‘गळतंय’ एवढंच सांगते, कुठून ते सांगत नाही.

म्हणजे मशीनला भोक दिसत नसतं. वीज कुठे उतरते एवढंच त्याला कळतं. स्लॅबकडचं टोक सुटलेलं असेल तर टेरेसची चाळण झालेली असली तरी काटा शून्यावरच राहतो. आणि उत्तम मेंब्रेनवरही काटा शून्यावरच असतो. दोन्ही शून्यं एकसारखीच दिसतात.

ठाण्यातली एक टेरेस

सात मजली इमारत, टेरेस साधारण ३०० चौरस मीटर. स्लॅबवर उताराचा स्क्रीड (सिमेंटचा थर), प्रायमर, वर टॉर्चने चिकटवलेली ४ मिलिमीटरची एपीपी (प्लास्टिक मिसळलेल्या डांबराची) मेंब्रेन. वरचा कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) अजून टाकलेला नव्हता, आणि हे सोसायटीचं नशीबच म्हणायचं. सातव्या मजल्यावरच्या एका काकूंच्या बेडरूमचं छत सलग दोन पावसाळे ओलं होत होतं. पहिल्या वर्षी कंत्राटदाराने बेडरूमच्या बरोब्बर वर दोन पट्टे मारले. ओल तीन फूट सरकली, थांबली नाही. दुसऱ्या मे महिन्यात टेस्ट झाली. रिपोर्ट ‘क्लीन’.

मी गेलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, अर्थिंगची क्लिप, म्हणजे मशीनचं स्लॅबकडचं टोक, कुठे लावली होती? वॉचमनने दाखवलं: टेरेसच्या रेलिंगला. रेलिंग लोखंडी, चकचकीत, त्यामुळे कुणालाही वाटेल की हे जमिनीशी जोडलेलंच असणार. पण पॅरापेट, म्हणजे टेरेसच्या कडेची बुटकी भिंत, एएसी (हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकचा होता, रेलिंगचे पाय त्या ब्लॉकमध्ये अँकर मारून बसवले होते, आणि मे महिन्यात ब्लॉक ठणठणीत कोरडा. स्लॅबच्या सळ्यांशी रेलिंगचा काडीचाही संबंध नव्हता. म्हणजे दिवसभर काठ्या टेकवून जे मोजलं गेलं ते काहीच नव्हतं.

लिफ्टच्या मशीन रूममध्ये एका कॉलमचं कव्हर थोडं फोडलं, सळई उघडी केली, तारेच्या ब्रशने गंज घासून काढला आणि क्लिप तिथे लावली. मग एका कोपऱ्यात खिळ्याने मेंब्रेनला मुद्दाम भोक पाडलं, खिळा स्क्रीडमध्ये टेकेपर्यंत. त्यावर पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबलो. काटा वळला. आता टेस्टला सुरुवात करायला हरकत नव्हती.

खरं भोक पाऊण तासात सापडलं. पाण्याच्या आउटलेटपासून दोन फुटांवर, जिथे तीन शीट एकत्र येतात त्या टी-जॉइंटमध्ये लॅप, म्हणजे एका शीटवर चढलेली दुसरीची कड, नीट वितळला नव्हता. बेडरूमच्या ओलीपासून ही जागा जवळजवळ चौदा फूट दूर. पाणी मेंब्रेनखाली स्क्रीडमधून सरकत होतं, पुढे स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात शिरत होतं आणि पंख्याच्या हुकाजवळ बाहेर पडत होतं. काकू दोन वर्षं सांगत होत्या की आधी पंख्याजवळ ओल दिसते. त्यांचं ते वाक्य कुणी लिहून घेतलं असतं तर पाइपाचा संशय पहिल्याच वर्षी आला असता.

काटा कुठेच हलत नाही

अर्थिंग बरोबर आहे का, हे तपासायचे दोन मार्ग लोक वापरतात आणि त्यांत मोठा फरक आहे. काही जण अर्थच्या टोकाला एक वायर जोडतात, तिचं दुसरं टोक ओल्या मेंब्रेनवर टेकवतात आणि काटा हलला की ‘मशीन ओके’ म्हणतात. यात मशीन, तारेचं रिंगण आणि पाण्याचा थर तपासला जातो, पण वीज त्या वायरने परत येते, स्लॅबमधून नाही. रेलिंगला क्लिप लावलेली असली तरी ही तपासणी पास होते. म्हणून मेंब्रेनला खरोखर भोक पाडून, खालपर्यंत पाणी जाऊ देऊन, स्लॅबमार्गे काटा हलतो का हेच बघायला हवं. एका भोकाचा पॅच मारायला जो वेळ लागतो त्याच्या बदल्यात अख्ख्या टेरेसचा भरवसा मिळतो. मोठी टेरेस असेल, विशेषतः मध्ये एक्स्पान्शन जॉइंट असेल, तर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वेगळं भोक पाडा. जॉइंटच्या पलीकडचा स्लॅब सळ्यांनी जोडलेला असेलच असं नाही. त्या बाजूला वेगळी सळई उघडून दोन्ही अर्थ एकत्र बांधावे लागतात.

अर्थ बरोबर आहे, मुद्दाम पाडलेलं भोकही दिसत नाही, असंही होतं. मग मेंब्रेनखाली काय आहे ते शोधा. खाली पॉलिथिनची शीट, थर्मोकोलसारखं इन्सुलेशन किंवा पीयू फोम असेल तर वीज स्लॅबपर्यंत पोचतच नाही. पाणी भोकातून उतरून इन्सुलेशनच्या वर साचून राहतं. अशा रचनेत टेस्ट हवी असेल तर मेंब्रेनच्या लगेच खाली वीज वाहणारी जाळी किंवा तसला प्रायमर आधीच टाकावा लागतो, आणि हे डिझाइनच्या वेळीच ठरायला हवं. मेंब्रेन एकदा चिकटल्यावर तिथे काही घालता येत नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेने या टेस्टसाठी डी ७८७७ ही मार्गदर्शिका काढली आहे. आर्किटेक्टशी बोलताना तिचा आकडा सांगा, म्हणजे खालच्या थराची चर्चा वेळेवर होते.

मेंब्रेनचा प्रकारही बघा. वरून ॲल्युमिनियमची फॉइल असलेली शीट, आपल्याकडे उन्हासाठी ती सर्रास वापरतात, स्वतःच वीज वाहते. काळ्या ईपीडीएम रबरात कार्बन असतो, तोही वीज वाहतो. ॲल्युमिनियम रंगाचा हात मारलेली मेंब्रेनही गोंधळ घालते. या तिन्हींवर कमी व्होल्टेजची नेहमीची टेस्ट बेभरवशाची असते. पाहणीला येताच ‘होईल, करून देतो’ म्हणणाऱ्याला मेंब्रेनचं नाव विचारा. त्याला त्यानंतर प्रश्न पडला नाही, तर काम देऊ नका.

आणि एक साधी गोष्ट. मे महिन्यात दुपारी दोन वाजता शिंपडलेलं पाणी पंधरा मिनिटांत उडून जातं. थर तुटला की त्या पट्ट्यात टेस्ट नाहीच. सकाळी सातला सुरू करा, छोट्या भागात करा, एक माणूस फक्त पाणी मारायला ठेवा. बारीक छिद्रातून पाणी खाली झिरपायला वेळ लागतो, म्हणून आधी टेरेस एकदा चांगली भिजवून ठेवणं बरं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वीज अधिक चांगलं वाहतं, या कामापुरतं तेच उत्तम.

काटा सगळीकडेच वळतो

हा उलटा आजार. रिपोर्टात तीस-चाळीस भोकं येतात, कंत्राटदार म्हणतो नवीन मेंब्रेन टाका, कमिटीच्या पोटात गोळा. थांबा. आधी टेरेसवर कोणकोणतं लोखंड उभं आहे ते मोजा.

आकाशातली वीज जमिनीत नेणारी तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी मेंब्रेनवरून जात असेल तर ती थेट जमिनीशी जोडलेली असते. ओल्या थरातली वीज तिकडे धावते आणि काटा दिवसभर तिलाच सलाम करतो. सोलरचे स्टँड, डिश अँटेना, बिडाचा रेनवॉटर आउटलेट, पाण्याच्या टाकीचे जीआय पाइप, स्लॅबमध्ये गाडलेले एंगल, सगळे तेच करतात. यातला प्रत्येक जण मशीनच्या दृष्टीने एक मोठं भोकच आहे. आणि मोठ्या भोकाजवळचं लहान भोक मशीनला दिसत नाही, वीज मोठ्याकडे ओढली जाते. म्हणजे एकाच वेळी नसलेली भोकं दिसतात आणि असलेलं लपतं.

उपाय साधा पण वेळखाऊ: अशा प्रत्येक वस्तूभोवती तारेचं छोटं रिंगण टाकायचं आणि ते कडेच्या मोठ्या रिंगणाला जोडायचं. दोघांत एकच व्होल्टेज आलं की मधली वस्तू टेस्टच्या बाहेर पडते. वीजपट्टीसारखी लांब वस्तू असेल तर तिच्या दोन्ही बाजूंनी तार न्यावी लागते. ती पट्टी उचलून तिच्याखाली विटा ठेवणं हा त्याहून स्वच्छ मार्ग. पण ती सोडू नका, कापू नका, टेस्ट चालू असताना आकाशात गडगडाट झाला तर मुकाट्याने खाली उतरा.

पॅरापेटचा वाटाही, म्हणजे टेरेस आणि भिंत मिळतात तिथला गोलसर उतार, फसवतो. मेंब्रेन वाट्यावरून भिंतीवर जिथे संपते, तिच्या वर भिंतीचं प्लास्टर ओलं झालेलं असलं की वीज त्या कडेवरून भिंतीत आणि तिथून स्लॅबमध्ये उतरते. चारही भिंतींकडे काटा वळायला लागला तर हेच कारण समजा. वरची तीन-चार इंच पट्टी कोरडी ठेवा, तारेचं रिंगण वाट्याच्या आतल्या बाजूला टाका, पावसात टेस्ट करू नका. रिंगणाच्या बाहेरचा भाग, म्हणजे खुद्द वाटा आणि उभी मेंब्रेन, या टेस्टमध्ये येत नाही हेही लिहून ठेवा. नाहीतर रिपोर्ट ‘संपूर्ण टेरेस’ म्हणतो आणि सगळ्यात कच्ची जागा तपासायची राहते.

वाटा, उभे भाग आणि हाय व्होल्टेज

उभ्या भागासाठी दुसरी टेस्ट आहे, कोरडी. पितळी तारांचा ब्रश मेंब्रेनवरून फिरवायचा, त्यात हजारो व्होल्ट असतात, पण करंट अगदी थोडा. भोकावर ठिणगी उडते आणि मशीन वाजतं. इथेही स्लॅबचा अर्थ लागतोच, आणि इथेही आधी मुद्दाम भोक पाडून मशीन वाजवून घ्यायचं.

व्होल्टेज किती ठेवायचं यावर सगळ्यात जास्त चुका होतात. हवेचं १ मिलिमीटर अंतर ओलांडायला ढोबळमानाने ३ हजार व्होल्ट लागतात. ४ मिलिमीटरच्या शीटवर कुणी २ हजार व्होल्ट ठेवून ब्रश फिरवत असेल तर तो मेंब्रेन झाडतोय, तपासत नाही. उलट व्होल्टेज फार वाढवलं तर पातळ जागी चांगली शीटही जळून भोक पडतं. म्हणून जाडी मोजून, शीट बनवणाऱ्या कंपनीची मर्यादा विचारून आकडा ठरवावा आणि रिपोर्टात लिहावा. शिवाय पृष्ठभाग खरोखर कोरडा हवा. सकाळच्या दवानेही ब्रश सगळीकडे वाजतो.

ही टेस्ट करणाऱ्यांनी एक गोष्ट माझ्याखातर कधीही विसरू नये. बिटुमेनच्या (डांबराच्या) बऱ्याच प्रायमरमध्ये पेटणारा सॉल्व्हंट असतो. ताज्या प्रायमरजवळ, किंवा टॉर्चचे सिलिंडर ठेवलेत तिथे, ठिणगी पाडणारं मशीन चालवू नका. पेसमेकर असलेल्या माणसाला टेरेसवर येऊ देऊ नका. आणि पॅरापेट बुटका असेल तर ब्रशवाल्याला सेफ्टी बेल्ट द्या. झटक्याने माणूस मरणार नाही, पण दचकून मागे गेला तर मागे सात मजले आहेत.

भोक दाखवलं, पण दिसत नाही

काटा एका जागी स्पष्ट उलटतो, गुडघ्यावर बसून बघितलं तरी शीट धडधाकट. अशा वेळी टेस्ट चुकली म्हणून पुढे जाऊ नका. लॅप शोधा. कडेचा लॅप निदान १०० मिलिमीटर आणि टोकाचा १५० मिलिमीटर हवा. बोथट स्क्रूड्रायव्हरने लॅपची कड हलकेच उचलून बघा, न वितळलेला भाग लगेच सुटतो. स्लेटच्या बारीक खड्यांची मेंब्रेन असेल तर खड्यांखाली खिळ्याचं छिद्र दिसतच नाही, खडे घासून काढावे लागतात. मी सापडवलेल्या भोकांत खिळे, मांडवाच्या बांबूंचे टोकदार बूड आणि फरश्या ओढल्याचे चरे जास्त, मेंब्रेनमधला दोष कमी. मेंब्रेन टाकून झाल्यावर टेरेसवर लग्नाचा मांडव घालू नका, हे मी प्रत्येक सोसायटीला हात जोडून सांगतो.

एक भोक सापडलं की खूण करा, त्याच्याभोवती तारेचं रिंगण टाकून ते टेस्टबाहेर काढा, आणि त्याच भागातून पुन्हा काठ्या फिरवा. वर म्हटलं तसं, शेजारचं लहान भोक आत्ता कुठे दिसायला लागेल. ठाण्याच्या त्या टेरेसवर टी-जॉइंटपासून हातभर अंतरावर आणखी दोन छिद्रं होती, ती दुसऱ्या फेरीत मिळाली.

कोबा आधीच टाकलेला असेल तर

इथे मी फार आशा दाखवत नाही. ब्रिकबॅट कोबा, त्यावर चायना मोझेक, आणि मेंब्रेन त्याखाली. कोबा पूर्ण भिजलेला असेल आणि मध्ये पॉलिथिन किंवा प्लास्टिकची ड्रेन शीट नसेल तर कमी व्होल्टेजची टेस्ट वरूनही थोडीफार चालते, पण नेमकं भोक हाताला लागत नाही, साधारण भाग कळतो. कोब्यात जाळी घातलेली असेल तर तेही नाही. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे टेरेसच्या प्रत्येक चौरस मीटरवर दोन हजार लिटरहून जास्त पाणी. त्यातलं बरंचसं वाहून जातं, पण विटांचे तुकडे जे पितात ते पाऊस थांबल्यावरही आठवडेच्या आठवडे खाली सोडत राहतात. दसऱ्याला आकाश निरभ्र आणि छत ठिबकतंय, याचं कारण हे. टेस्टची खरी वेळ मेंब्रेन चिकटल्यापासून कोब्याची पहिली पाटी पडेपर्यंतचीच. तेव्हा एक दिवस द्यायला कंत्राटदार कुरकुर करतो. पुढे कोबा फोडायचा झाला तर मलबा सात मजले खाली उतरवायला किती दिवस आणि किती पैसे लागतील, हे कमिटीने त्याच्यासमोर बसून मोजावं.

दोन्ही टेस्ट नीट झाल्या, मुद्दाम पाडलेलं भोक सापडलं, बाकी काहीच नाही, तरी गळती आहे? मग मेंब्रेनवरचा संशय सोडा. पाऊस नसतानाही ओल वाढते का? मग टाकी किंवा पाइप. नैर्ऋत्येचा वारा जोरात असतानाच येते का? मग पॅरापेटच्या बाहेरच्या भेगा आणि मशीन रूमच्या दाराचा उंबरठा. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना एक वही द्या: पाऊस कधी सुरू झाला, किती तासांनी पहिला थेंब पडला, कुठे पडला. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी सोसायटीच्या जबाबदारीत येतं, तेव्हा ही वही ठेवायला लावणं हेही कमिटीचंच काम.

वर्क ऑर्डरमध्ये मी हल्ली या गोष्टी लिहून घ्यायला सांगतो: अर्थ कोणत्या सळईला लावला त्याचा फोटो, मुद्दाम पाडलेली भोकं कुठे आणि कमिटीच्या दोन सदस्यांसमोर काटा वळला त्याची नोंद, टेस्टमधून वगळलेल्या जागांचा नकाशा, आणि दुरुस्तीनंतर त्याच जागांची फेरटेस्ट. पॅच भोकाच्या चारही बाजूंना निदान १५० मिलिमीटर पुढे गेलेला हवा, कोपरे गोल कापलेले. फेरटेस्टमध्ये मुद्दाम पाडलेल्या भोकाचा पॅचही धरायचा. ठाण्याला आम्ही संध्याकाळी निघताना तोच विसरत होतो. सेक्रेटरी काकांनी आठवण केली, पुन्हा तार टाकली, पाणी मारलं, आणि काटा तिथे हलला नाही हे बघूनच मशीन बंद केलं.